शनिवारी रात्रीच मेन का पडतो? हॉटेलच्या किचनचा लोड नीट काढण्याबद्दल

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच साच्याची असते. सोमवार ते गुरुवार काही होत नाही. शनिवार-रविवारी रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास, टेबलं भरलेली असताना, बाहेर लोक नंबर लावून उभे असताना मेन एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप वीज तोडणारा मुख्य खटका) पडतो. खटका वर केला की सगळं चालू होतं, आणि पाऊण तासाने पुन्हा पडतं. मग कुणीतरी तोडगा काढतो, "शेठ, त्रेसष्ट ॲम्पिअरचा काढून शंभरचा टाकू, कटकटच मिटली."

ती कटकट मिटत नाही, ती केबलच्या माथी जाते. एमसीबी ओव्हनला किंवा फ्रायरला वाचवायला बसवलेला नसतो, त्याला जोडलेल्या केबलला वाचवायला बसवलेला असतो. केबल तीच ठेवून ब्रेकर मोठा केला, तर आता जे खटक्यावर थांबतंय ते पुढे फॉल्स सीलिंगच्या वर, तेलकट धुराच्या डक्टशेजारी इन्सुलेशन वितळून थांबेल. म्हणून पहिला नियम: हिशोब होईपर्यंत ब्रेकर बदलायचा नाही.

ठाण्यात घोडबंदर रोडवरचं फॅमिली रेस्टॉरंट असो, नवी मुंबईत खारघरचा कॅफे असो की ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या जुन्या वर्कशॉपच्या गाळ्यात थाटलेलं क्लाउड किचन, वीज महावितरणची, तीन फेजची, कमी दाबाची (एलटी), वाणिज्य दराची. कळवा-मुंब्रा-शीळ भागात बिलावर फ्रँचायझीचं नाव असतं, पण दर आणि नियम वीज नियामक आयोगाचेच. त्यामुळे पुढचं सगळं तिथेही तसंच लागू पडतं.

आधी बघा, पडतो तो कसा

"ट्रिप होतो" एवढ्यावर काही कळत नाही. काय पडतं आणि किती वेळाने पडतं, यावर निम्मं निदान होतं.

ब्लोअरचं बटण दाबताक्षणी पडत असेल तर तो मोटरच्या स्टार्टिंग करंटचा प्रश्न. ५ एचपीची तीन फेजची मोटर चालताना साधारण ७ ॲम्पिअर घेते, पण डीओएल (थेट पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या) स्टार्टरवर सुरू होताना काही सेकंद त्याच्या सहा-सात पट. सी कर्व्हचा एमसीबी त्याच्या रेटिंगच्या ५ ते १० पटींमध्ये चुंबकीय झटक्याने पडतो. ब्लोअरला १० ॲम्पिअरचा सी कर्व्ह लावला असेल तर ५० पासूनच धोका सुरू होतो, आणि पहिल्या झटक्याचा करंट तिथपर्यंत सहज जातो. तिथे डी कर्व्ह (आणखी मोठा झटका सोसणारा) किंवा मोटरसाठीचा ब्रेकर आणि ओव्हरलोड रिले नीट सेट केलेला स्टार्टर हवा. मेन बदलून काही होत नाही.

सकाळी किचन धुतल्यावर पडत असेल आणि पडणारी वस्तू एमसीबी नसून आरसीसीबी (जमिनीत गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा खटका) असेल, तर ती गळती आहे. बेन मारीचं (गरम पाण्यावर पदार्थ गरम ठेवणाऱ्या काउंटरचं) एलिमेंट ओल धरतं, फ्रायरच्या मागच्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी जातं. याचा लोडशी काही संबंध नाही. एकेक उपकरण काढून इन्सुलेशन तपासा. आणि कृपा करून आरसीसीबी बायपास करून "तात्पुरतं" चालवू नका. ओल्या फरशीवर उभं राहून स्टीलच्या टेबलाला हात लावणारी माणसं असतात तिथे.

दिवे मध्येच मंद, मध्येच लख्ख होत असतील, एका भागातले पंखे जोरात पळू लागले असतील, तर न्यूट्रल सैल झालाय. तेव्हा खटका पडत नाही, म्हणूनच ते जास्त वाईट. मेन बंद करून वायरमनला बोलवा. न्यूट्रल सुटला की एका फेजवरच्या फ्रिज-बिलिंग मशीनला तीनशेच्या वर व्होल्टेज जाऊ शकतं.

राहिला आपला प्रश्न: अर्धा-पाऊण तास भरगच्च धंदा आणि मग खटका. हा तापून पडणारा एमसीबी. आत दोन धातूंची पट्टी असते, ती करंटने तापते आणि वाकते. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे एमसीबी रेटिंगच्या १.१३ पट करंटवर तासाभरात पडता कामा नये आणि १.४५ पटीवर तासाभरात पडलाच पाहिजे. म्हणजे ६३ च्या खटक्याला ७१ पर्यंत चालू राहणं बंधनकारक, ९१ ला पडणं बंधनकारक, आणि मधली जागा लहरीची. शनिवारचा लोड नेमका त्या मधल्या जागेत फिरतो. म्हणून कधी पडतो, कधी नाही, आणि "खटकाच खराब आहे" असं सगळ्यांना वाटतं. नवा टाकला तरी तेच.

त्यात हे आकडे ३० अंश तापमानाचे आहेत. ठाण्यात मे महिन्यात, डीबी (खटक्यांची पेटी) किचनच्या दारावर, तंदूरपासून दहा फुटांवर, बंद दाराआड दाटीवाटीने बसवलेले खटके. आत ५० अंश सहज असतात. बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यात ५० अंशाला क्षमता दहाएक टक्के खाली येते. ६३ चा खटका तिथे ५६-५७ सारखा वागतो. त्यामुळे डीबी किचनबाहेर, कॅश काउंटरच्या मागे नेला तर काही ठिकाणी निम्मा त्रास तिथेच कमी होतो. जागा नसते, हे मान्य. पण नवं हॉटेल लावताना आर्किटेक्टला पहिलं हेच सांगा.

एक गोष्ट हिशोबाआधीच तपासून घ्या: टर्मिनल. ॲल्युमिनियमच्या केबलला बरोबर मापाचा लग (टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) नसेल, स्क्रू ढिला असेल, तर तिथे उष्णता होते आणि ती उष्णता खटक्याच्या पट्टीला जाते. करंट कमी असूनही खटका पडतो. मेन बंद करून पाहिलं की ओळखता येतं: तीनपैकी एका फेजच्या वायरचं लाल आवरण लगाजवळ तपकिरी आणि कडक झालेलं असतं, नखाने दाबलं की तुकडा पडतो. हे दिसलं तर आधी लग बदला, मग पुढे जा. पॅनेल उघडणं आणि चालू वायरवर टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) लावणं हे परवानाधारक वायरमनचं काम. मालकाने बाजूला उभं राहून आकडे लिहून घ्यावेत.

आता हिशोब, खऱ्या आकड्यांनी

कोपरखैरण्यातल्या सारखं पन्नास खुर्च्यांचं शाकाहारी हॉटेल धरू. शेगड्या आणि डोशाचा तवा पाइप गॅसवर, बाकी बरंच विजेवर. मंजूर भार ३० किलोवॅट, कॉन्ट्रॅक्ट डिमांड (महावितरणकडे ठरवून घेतलेली कमाल मागणी) ३० केव्हीए, मेन ६३ ॲम्पिअर. आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून किंचित गोल केले आहेत.

तीन फेजवर:
ओव्हन, ९ किलोवॅट, नेमप्लेटवर ३८० व्होल्ट
डिशवॉशर, ६ किलोवॅट
एक्झॉस्ट ब्लोअर, ५ एचपी, विजेतून घेतो साधारण ४.३ किलोवॅट
ताज्या हवेचा ब्लोअर, २ एचपी, घेतो १.९ किलोवॅट

एका फेजवर:
फ्रायरच्या दोन टाक्या, प्रत्येकी ३ किलोवॅट
बेन मारी, २ किलोवॅट
चहा-कॉफीचा बॉयलर, ३ किलोवॅट
ओला ग्राइंडर, २ एचपी, घेतो २ किलोवॅट
फ्रिज आणि डीप फ्रीझर मिळून १.६ किलोवॅट
दोन टनांचे तीन एसी, प्रत्येकी २.२ किलोवॅट
दिवे, पंखे, बिलिंग, पाटी मिळून २ किलोवॅट

बेरीज ४४.४ किलोवॅट. ठेकेदाराने याला ०.६५ ने गुणलं, २८.९ आले, ३० मंजूर करून घेतले. कागदावर सगळं छान. तीन फेजवर सारखं वाटलं आणि पॉवर फॅक्टर (किलोवॅट भागिले केव्हीए) ०.९ धरला तर ३० किलोवॅटला फेजमागे ४६ ॲम्पिअर होतात, ६३ च्या बऱ्याच आत. मग पडतो का?

या कागदात तीन गफलती आहेत. तिन्ही आपल्या भागात पुन्हा पुन्हा दिसतात, आणि तिन्ही एकाच दिशेने ढकलतात, म्हणून एवढं महागात जातं.

नेमप्लेटवरचा व्होल्टेज

सेकंडहँड बाजारातून किंवा थेट आयात करून आलेल्या बऱ्याच ओव्हनवर ३८० व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्या डीबीवर मोजलं तर ४१५ च्या आसपास मिळतात. हीटर म्हणजे शेवटी तार. तिची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४१५ भागिले ३८०, त्याचा वर्ग, १.१९. म्हणजे ९ किलोवॅटचा ओव्हन आपल्याकडे १०.७ किलोवॅट घेतो आणि फेजमागे १३.७ ऐवजी १४.९ ॲम्पिअर खेचतो. पाव लवकर भाजतो म्हणून वस्ताद खूश असतो, एलिमेंट लवकर जातं म्हणून मालक नाराज. दोन्हींचं कारण हेच. २२० व्होल्ट लिहिलेल्या एका फेजच्या यंत्राचंही तेच: २४० मिळाले तर तिथेही एकोणीस टक्के जास्त.

हा नियम साध्या हीटरला. इंडक्शनच्या शेगडीत इलेक्ट्रॉनिक्स असतं, ती आपली शक्ती स्वतः सांभाळते. तिथे नेमप्लेट तशीच धरा.

मोटरच्या बाबतीत वेगळी चूक होते. पाटीवर लिहिलेले एचपी हे शाफ्टवर मिळणारे असतात. १ एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट, पण विजेतून मोटर त्याहून जास्त घेते, कारण तिची कार्यक्षमता शंभर टक्के नसते. ५ गुणिले ०.७४६ करून ३.७ लिहिणारे पुष्कळ, प्रत्यक्षात ४.३ च्या घरात जातं.

०.६५ आला कुठून?

हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेच्या वायरिंग संहितेत, त्यांच्या एनईसीच्या २०२३ च्या आवृत्तीत २२०.५६ या कलमात व्यावसायिक किचनसाठी एक तक्ता आहे: एक-दोन उपकरणं असतील तर पूर्ण १०० टक्के धरा, तीनला ९०, चारला ८०, पाचला ७०, सहा आणि पुढे ६५. इंटरनेटवरचे लोड कॅल्क्युलेटर हाच तक्ता वापरतात, आणि आपल्याकडच्या एक्सेल शीटमध्ये तो कुणीतरी कधीतरी चिकटवलेला असतो. तक्ता वाईट नाही. अनुभवाशी बऱ्यापैकी जुळतो. वाईट आहे ते त्याच्याबरोबरच्या अटी न वाचणं.

अटी अशा. ही सवलत फक्त थर्मोस्टॅटवर चालणाऱ्या किंवा अधूनमधून चालणाऱ्या किचनच्या उपकरणांना आहे. एक्झॉस्ट, ताजी हवा, एसी यांना ती लागू नाही. आणि गुणाकारानंतर येणारा आकडा सगळ्यात मोठ्या दोन उपकरणांच्या बेरजेपेक्षा खाली जाता कामा नये. आपल्या ठेकेदाराने एसी, ब्लोअर, दिवे, सगळ्यांची एकत्र मोट बांधून ०.६५ ने गुणलं. शनिवारी रात्री ब्लोअर ६५ टक्के चालतो का? तो सकाळी अकराला चालू होतो आणि रात्री बाराला बंद होतो.

अटींप्रमाणे पुन्हा करू. किचनची उपकरणं: ओव्हन खऱ्या व्होल्टेजवर १०.७, डिशवॉशर ६, फ्रायर ६, बेन मारी २, बॉयलर ३, ग्राइंडर २. बेरीज २९.७. उपकरणं सहाच्या वर आहेत, म्हणून ०.६५ ने गुणून १९.३. सगळ्यात मोठी दोन, ओव्हन आणि डिशवॉशर, मिळून १६.७, म्हणजे अट पाळली जाते. आता सवलत न देता: दोन्ही ब्लोअर ६.२, एसी ६.६, फ्रिज १.६, दिवे वगैरे २. ही झाली १६.४. एकूण ३५.७ किलोवॅट.

पॉवर फॅक्टर ०.९५ धरला तर ३७.६ केव्हीए. हॉटेल चालू असेल तर ताळा करायला लांब जावं लागत नाही, महावितरणच्या बिलावर त्या महिन्यात नोंदलेली कमाल मागणी छापलेली असते. गेल्या वर्षभराची बिलं काढा आणि तेवढा एकच आकडा एका कागदावर उतरवा. अशा हॉटेलात तो ३६-३७ च्या आसपास दिसतो आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांड ३०. वरच्या सहा-सात केव्हीएला नेहमीच्या डिमांड चार्जशिवाय आणखी दीडपट दराने दंड बसतो. म्हणजे खटका पडायच्या कितीतरी आधीपासून बिल ओरडून सांगत असतं. ते थेट सीएच्या फाइलीत जातं, एवढंच.

मीटर ही मागणी क्षणाची धरत नाही, ठरावीक मिनिटांच्या सरासरीची धरतो. म्हणून ब्लोअर सुरू होतानाच्या उसळीची तिथे चिंता नको.

मुळात किचनला सवलत किती द्यायची, याबद्दल माझं मत जरा कडक आहे. घरांच्या सोसायटीत शंभर फ्लॅटचे शंभर गीझर एकाच मिनिटाला चालू होत नाहीत, तिथे विविधता खरी असते. हॉटेलात उलट असतं. गिऱ्हाईक आलं की फ्रायर, ओव्हन, डिशवॉशर, एसी सगळे एकाच कारणाने एकाच वेळी कामाला लागतात. थर्मोस्टॅट मध्ये मध्ये कट होतो म्हणून सवलत द्यायची, हे बुधवारी दुपारी बरोबर आहे. शनिवारी फ्रायरमध्ये डीप फ्रीझरमधून काढलेले स्प्रिंग रोल आणि फ्राईज एकामागून एक पडत असतात, तेलाचं तापमान वर येतच नाही, थर्मोस्टॅट कट होतच नाही. फ्रायरजवळ पाच मिनिटं उभं राहून त्याचा लाल दिवा किती वेळ विझतो ते बघा. शनिवारी नऊला तो विझताना क्वचितच दिसेल. म्हणून मी फ्रायर आणि तंदूर धंद्याच्या वेळी पूर्ण धरतो, बेन मारी आणि बॉयलर निम्मे, ओव्हन आणि डिशवॉशर सत्तर टक्के, ग्राइंडर रात्री शून्य, एसी ऐंशी टक्के, फ्रिज साठ, ब्लोअर आणि दिवे पूर्ण. या पद्धतीने वरच्या हॉटेलचा आकडा ३४.६ येतो, तक्त्याच्या ३५.७ च्या शेजारीच. दोन वेगळ्या वाटांनी जवळ जवळ तेच उत्तर आलं की मला झोप लागते.

फेज मोजा, बेरीज नव्हे

खटक्याला किलोवॅट कळत नाहीत. त्याला आपल्या फेजमधला करंट कळतो. आणि सगळ्यात जास्त हॉटेलं इथेच अडकलेली असतात.

दोनच आकडे लक्षात ठेवा. एका फेजवर १ किलोवॅटचा हीटर म्हणजे ४.३५ ॲम्पिअर. तीन फेजवर तोच १ किलोवॅट म्हणजे प्रत्येक फेजला १.४. मोटर आणि एसीला पॉवर फॅक्टरमुळे थोडा जास्त.

तीन फेजची यंत्रं प्रत्येक फेजला घेतात: ओव्हन १४.९, डिशवॉशर ८.३, मोठा ब्लोअर ७, छोटा ३.३. एकूण ३३.५. हे तिन्ही फेजला सारखं.

आता एका फेजची यंत्रं. तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात. फिटिंग करताना किचनच्या ओट्याला एक बोर्ड दिला गेला, त्याला एकच फेज आली, आणि जे जे ओट्यावर आलं ते तिथे लागत गेलं. आर फेजवर: फ्रायर १३ आणि १३, बेन मारी ८.७, बॉयलर १३, मिळून ४७.७. वाय फेजवर: दोन एसी, २०, आणि दुपारपुरता ग्राइंडर. बी फेजवर: एक एसी १०, फ्रिज ८, दिवे ९, मिळून २७.

रात्री सगळं एकदम चालू असेल तेव्हा आर ८१, वाय ५३, बी ६०. हे पाहिलं की कोडं सुटतं. ६३ च्या खटक्याच्या आर पोलातून ८१, म्हणजे १.२९ पट, १.१३ आणि १.४५ च्या बरोबर मधे. बुधवारी थर्मोस्टॅट कट होत राहतात, आर साठीच्या घरात येतो, खटका टिकतो. शनिवारी तो सत्तर-ऐंशीतून खाली उतरतच नाही. चार पोलाच्या खटक्यात एक पोल तापला तरी चारही पडतात, म्हणून एसी आणि फ्रिजही बंद, अख्खं हॉटेल अंधारात.

टाँग टेस्टरने मोजताना तिन्ही फेज आणि न्यूट्रल, चारही लिहा, आणि ते शनिवारी रात्री नऊला. मंगळवारी दुपारी तीनला येऊन "सगळं ओके आहे" सांगणाऱ्या माणसाचा काही उपयोग नाही. फेज असमान असतील तर न्यूट्रलमधून तेवढा जास्त करंट वाहतो, आणि इंडक्शन, एलईडी, इन्व्हर्टर एसी यांची हार्मोनिक्सही (करंटच्या लहरीतली विकृती) न्यूट्रलमध्ये जमा होतात. साडेतीन कोअरची केबल असेल, जिच्यात न्यूट्रल निम्म्या जाडीचा असतो, तर हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

यावरचा पहिला उपाय स्वस्त आहे. एक फ्रायर आरवर ठेवा, त्याच्यासोबत बेन मारी आणि एक एसी: ३१.७. दुसरा फ्रायर वायवर, एक एसी, दिवे: ३२. बॉयलर, एक एसी आणि फ्रिज बीवर: ३१. ग्राइंडर बीवर, पण दुपारीच. आता सगळं चालू असताना फेजमागे साधारण ६५, आणि धंद्याच्या वेळची सरासरी पन्नासच्या आसपास. काम आहे किचनच्या बोर्डाला दोन फेज आणखी आणण्याचं आणि प्रत्येक फ्रायरला स्वतःचा खटका आणि स्वतःची वायर देण्याचं. हॉटेल बंद झाल्यावर एका रात्रीत होतं. ओट्यावर दोन वेगळ्या फेज आल्या की सॉकेटवर रंगाची पट्टी चिकटवा, नाहीतर महिन्याभरात कुणीतरी एक्स्टेंशन लावून सगळं पुन्हा आरवर आणतो.

एवढ्यावर शनिवार निघतो. पण ६३ चा खटका, गरम डीबीत ५६ चा झालेला, ५२ ॲम्पिअरवर (वरच्या ३७.६ केव्हीएला फेजमागे एवढे होतात) तासन् तास चालवायचा म्हणजे श्वास रोखून चालणं आहे. कायम चालणारा लोड ब्रेकरच्या ऐंशी टक्क्यांच्या आत ठेवावा. ५२ भागिले ०.८ म्हणजे ६५, पुढचं माप ८० ॲम्पिअरचा एमसीसीबी (मोठ्या करंटसाठीचा ब्रेकर). आणि आता, हिशोबानंतर, ब्रेकर वाढवता येईल, केबलसकट. मीटर रूमपासून १६ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल आली असेल तर ती ८० ला पुरत नाही; २५ ची (जास्त उष्णता सोसणाऱ्या एक्सएलपीई इन्सुलेशनची), आणि अंतर लांब असेल किंवा केबल गरम शाफ्टमधून येत असेल तर ३५ ची. आपल्याकडच्या केबलच्या तक्त्यातले हवेतले आकडे ४० अंश धरून दिलेले असतात. किचनच्या छतावरून जाणाऱ्या केबलला ते जसेच्या तसे लावू नका.

लोड वाढवून घेताना

बरेच मालक मंजूर भार मुद्दाम २० किलोवॅटच्या आत ठेवतात, कारण तिथपर्यंत स्थिर आकार जोडणीमागे असतो आणि त्यावर गेलं की केव्हीएप्रमाणे डिमांड चार्ज लागतो. कॅफेला हे चालतं. ओव्हन, फ्रायर आणि डिशवॉशर तिन्ही विजेवर असलेल्या हॉटेलला २० मध्ये बसवणं म्हणजे रोज खोटं बोलणं आहे, आणि मीटर ते लिहून ठेवतो. वरच्या हॉटेलला मी ४० केव्हीए मागायला सांगेन. ५० मागून ठेवू नका. मागणी कमी राहिली तरी मंजूर डिमांडच्या ठरावीक हिश्श्यावर डिमांड चार्ज भरावा लागू शकतो.

अर्ज महावितरणच्या पोर्टलवर होतो. सोबत सरकारमान्य परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, मग पाहणी, कोटेशन, वाढीव सुरक्षा ठेव. अडचण सहसा कागदाची नसते, सोसायटीच्या मीटर रूमची असते. तळमजल्याच्या सहा गाळ्यांना मिळून बिल्डरने जी सर्व्हिस केबल घातली, तिच्यात शिल्लक किती, हे आधी बघावं लागतं. शेजारच्या गाळ्यातल्या जिमने आधीच वाढवून घेतलं असेल तर नवी केबल फीडर पिलरपासून (रस्त्याकडेच्या वीजवाटपाच्या पेटीपासून) ओढायची वेळ येते, खोदाईची परवानगी महापालिकेची, आणि पावसाळ्यात ती मिळत नाही. म्हणून नवा ओव्हन बुक करण्याआधी हे विचारा.

सध्या हे जास्त महत्त्वाचं झालंय. मुंबईत २०२५ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडायला सांगितलं गेलं, महापालिकेने कोळशाच्या तंदूरवाल्यांनाही नोटिसा दिल्या. तेव्हापासून ठाणे-नवी मुंबईतलेही मालक इलेक्ट्रिक तंदूरची चौकशी करतात. सांगायचं एवढंच की तंदूर रोटीच्या वेळेला थांबत नाही; त्याला सवलत शून्य. एका फेजचा मिळतोय म्हणून घेऊ नका, तीन फेजचा मागा. आणि त्याच्यावरच्या हूडसाठी एक्झॉस्ट वाढवावा लागला तर त्या ब्लोअरचे एचपीही त्याच कागदावर लिहा.

जनरेटर असेल तर तोही याच हिशोबात तपासा. ३० केव्हीएच्या सेटवर ३५ किलोवॅट चालणार नाहीत, तेव्हा वीज गेल्यावर ओव्हन, डिशवॉशर आणि दोन एसी आपोआप सुटतील असा वेगळा बसबार (वीज वाटणारी धातूची पट्टी) चेंजओव्हरच्या, म्हणजे मेन आणि जनरेटर यांत अदलाबदल करणाऱ्या स्विचच्या, मेनच्या बाजूला ठेवतात. डिशवॉशर बंद झाल्यावर ताटं हाताने घासली जातात, तेवढं चालतं. ब्लोअर मात्र जनरेटरवर हवाच, आणि सेट निवडताना त्या ५ एचपीच्या मोटरचा सुरुवातीचा झटका धरा. झटक्याला सेटचा व्होल्टेज खाली बसला तर बिलिंगचा कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो आणि चालू टेबलांची बिलं पुन्हा बनवावी लागतात.